खिव्याच्या रेशमी नोटा

आमचं घर म्हणजे एक लांबट खोली होती आणि तिचा निम्मा भाग मागाच्या खड्ड्यानं खाल्लेला होता. खड्ड्यात पाय सोडून नायना बसायचे, म्हणजे आमचे वडील. उरलेल्या निम्म्यात आई, तिला आम्ही अम्मा म्हणायचो, माझी थोरली बहीण अक्का आणि मी. चूल दाराशी. चुलीपासून मागापर्यंत पाच पावलं, आणि त्या पाच पावलांत तंबाखूचं सूप, भिजवलेल्या तेंदूच्या पानांचा गठ्ठा, कांड्या भरायचा चरखा, पाण्याची घागर आणि माझं दप्तर. सकाळी जाग यायची ती धोट्याच्या आवाजानं. धोटा या बाजूनं त्या बाजूला जायचा, मग फणीचा ठोका, मग धोटा परत. हा आवाज इतका अंगात मुरला होता की तो चालू असताना ऐकूच यायचा नाही. थांबला की मात्र आम्ही तिघी एकदम मान वर करायचो, धागा तुटला की नायनांना खोकला आला ते बघायला. ताण्याला लावायच्या खळीचा आंबट वास आणि तंबाखूचा तिखट वास आमच्या कपड्यांना, भाकरीला, माझ्या वह्यांनाही होता. शाळेत शेजारी बसणारी मुलगी माझी वही घेताना नाक वळवायची. मला तो वास येतच नव्हता, त्यामुळे ती असं का करते ते बरेच दिवस कळलं नाही.

घरात आम्ही तेलुगू बोलायचो, गल्लीत मराठी, आणि रंगारी हुसेनचाचा आले की त्यांच्या दखनीला आमच्या मराठीनं उत्तर द्यायचो. इथं सगळं मराठीतच लिहिते आहे, कारण पुढं आयुष्यभर मी हीच भाषा शाळेत शिकवली. अम्मा आणि अक्का विड्या वळायच्या. सकाळी भाकरी, शेंगांची चटणी आणि चिंचेचं पातळ चारू झालं की दोघी भिंतीला टेकून बसायच्या, मांडीवर सूप, आणि दुपारी कारखान्यात विड्या पोचवायची वेळ होईपर्यंत बोटं थांबायची नाहीत. अंबाडीची भाजी असली तर तो दिवस चांगला म्हणायचा. अम्मा बोलत बोलत वळायची. अक्का बोलायची नाही.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. सातवीपर्यंत शिकली, वर्गात पहिली यायची, मग विड्यांना बसली, मग तिचं लग्न भिवंडीला झालं, आणि मी आठवीत गेले त्या वर्षी ती पत्र्याची पेटी घेऊन परत आली. का आली ते मला कुणी सांगितलं नाही. मूल झालं नव्हतं एवढं बायकांच्या बोलण्यातून कळलं, तिकडं दुसरी आणली हे फार पुढं कळलं. नायनांनी तिच्याशी बोलणं सोडलं. ते रागावले होते असं मला आज वाटत नाही. तिच्याकडं बघणं त्यांना जमत नव्हतं. ‘तिला म्हणावं जेवून घे,’ असं ते मला सांगायचे, आणि ती त्यांच्यापासून तीन हातांवर बसलेली असायची. मी तोंड फिरवून तेच वाक्य तिला सांगायची. पहिल्यांदा मला ह्याचं हसू आलं होतं. नंतर सवय झाली.

विडी कामगारांच्या युनियनमध्ये आमच्या गल्लीतले एक मामा होते. त्यांना कामगारांच्या एका शिष्टमंडळाबरोबर सोव्हिएत देशात पाठवलं होतं. ताश्कंद बघून ते पुढं खिवा नावाच्या जुन्या गावाला गेले. तिथं त्यांच्याबरोबर दुभाषी म्हणून फिरणारी बाई शाळेत इंग्रजी शिकवायची. हलीमा तिचं नाव. मामांनी बरोबरच्या इंग्रजी येणाऱ्या सोबत्याकरवी तिला सांगितलं, आमचं गाव विणकरांचं आहे, घराघरात माग आहेत. तिनं दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात एक कापडाचा तुकडा ठेवला आणि तुमच्या गावातल्या विणकराला दाखवा म्हणाली. मामांनी तो आणून नायनांना दिला. तळहाताएवढा, फिकट तपकिरी रेशमाचा तुकडा, त्यावर लाल, हिरव्या, निळ्या रंगात वेलबुट्टी छापलेली, मधे चौकट, चौकटीत उर्दूसारखी अक्षरं. मामा म्हणाले, ‘नोट हाय ही. पैसे हायेत.’ अम्मानं विडी वळता वळता विचारलं, धुतली तर चालते का?

नायनांनी माग थांबवला. खड्ड्यातून वर आले, दाराशी उजेडात बसले आणि सूत मोजायचं भिंग त्या तुकड्यावर ठेवलं. हे भिंग पितळी चौकटीचं, घडीचं. त्यातून एवढ्याशा जागेत किती धागे बसलेत ते मोजता येतं. त्यांनी मोजायला सुरुवात केली, चुकले, पुन्हा सुरुवात केली, डोळे पुसले. रेशमाचा धागा सुतापेक्षा बारीक, आणि त्यांची नजर तेव्हा उतरायला लागली होती. मग त्यांनी मान वर न करता भिंग बाजूला धरलं. मला वाटलं माझ्यासाठी. मी हात पुढं केला तर ते म्हणाले, ‘तू नको. तिला दे.’ आणि लगेच थेट तिला म्हणाले, ‘रत्ना, तू मोज. तुझे डोळे चांगले हायेत.’ भिवंडीहून आल्यावर तिला तिच्या नावानं मारलेली ती पहिली हाक. अक्कानं सूप मांडीवरून उतरवलं, पदराला हात पुसले आणि मोजलं. आकडा मला आठवत नाही. ती आकडा बोलली आणि नायना म्हणाले, ‘बरोबर असंल.’ अम्मानं चुलीवरचं खळीचं भांडं उतरवलं.

तिथून अक्काला त्या नोटांचा नाद लागला. संग्रह हा शब्द आमच्या घरात कुणी वापरला नाही. ‘अक्काच्या नोटा’ म्हणायचो. मामांकडं हलीमाचा पत्ता होता. अक्का तेलुगूत सांगायची आणि मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत लिहायची. पहिल्या पत्रात तिनं एवढंच विचारलं, पैसे कापडावर का छापले, आणि विणले कुणी? उत्तर यायला दोन महिने लागले. हलीमानं लिहिलं होतं की क्रांतीच्या सुरुवातीच्या वर्षांत खिव्याचा खान गेला, त्या मुलखात, म्हणजे ख्वारिझममध्ये, लोकांचं सरकार आलं, कागद मिळत नव्हता, रेशीम घरोघर होतं. म्हणून नोटा रेशमावर छापल्या, एकेका रंगाचा वेगळा ठसा करून. आधी लहान रकमांच्या, मग हजारांच्या, मग त्याहून मोठ्या, कारण भाव दर आठवड्याला वर जायचे आणि कालची नोट आज काहीच आणायची नाही. शेवटी रेशीमही परवडेना, तेव्हा वाईट कागदावर छापल्या. मग मॉस्कोचा पक्का रुबल आला आणि ह्या सगळ्या नोटा नुसतं कापड झाल्या. पत्राबरोबर दोन चित्रांची कार्डं होती आणि दोन कार्डांच्या मधे अजून एक नोट.

बदल्यात अक्कानं काय पाठवायचं हा प्रश्न होता. पैसे पाठवता येत नव्हते, ते नव्हतेही. नायनांनी लुगड्याच्या काठाचा एक तुकडा कापून दिला, वीतभर. हलीमाचं उत्तर आलं की हा तुकडा तिच्या म्हाताऱ्या आईनं उशाशी ठेवलाय. मग नायना मुद्दाम विणायला लागले. ताणा संपताना शेवटी हातभर उरतं त्यात कधी रुईफुलाचा काठ, कधी करवतीचा, असे तुकडे ते खिव्यासाठी काढायचे. वर्षभरात आमच्याकडं सात नोटा झाल्या. अक्का त्या पेटीत तिच्या लग्नातल्या साडीच्या घडीत ठेवायची. दुपारी विड्या पोचवून आली की पेटी उघडायची, आणि नायना माग थांबवून दाराशी येऊन बसायचे. ती तासभराची वेळ होती. दोघांची डोकी एका भिंगावर. मी शाळेतून यायची तेव्हा कधी कधी ती दोघं हसत असायची, आणि मी आल्यावर थांबायची. मला जरा हेवाही वाटायचा, हे आता लिहायला हरकत नाही.

नायनांनी एक गोष्ट शोधून काढली. नोटा त्यांनी रकमेप्रमाणं ओळीनं मांडल्या, अक्कानं प्रत्येकीचे धागे मोजले. रक्कम चढत होती तसे धागे कमी होत होते. पहिल्या नोटेचं कापड घट्ट, दोन्ही बाजूंनी सारखं. पाच हजारांच्या नोटेतून बोट दिसायचं. हुसेनचाचांना दाखवल्या तर ते म्हणाले, रंगांचंही तेच आहे, पहिलीत चार-पाच ठसे आहेत, हिच्यात दोनच, आणि दुसरा ठसा हलला आहे. अक्षरं त्यांना वाचता येत होती, भाषा कळत नव्हती. अधूनमधून एखादा शब्द ओळखीचा निघायचा, तेव्हा ते खूश व्हायचे. अक्का म्हणाली, विणणारे आळशी झाले असतील. नायनांनी मान हलवली.

‘आळशी न्हाय. रेशीम कमी देत व्हते आन् माल जास्त मागत व्हते. तो काय करंल? विरळ विणतो. मी पन तेच करतोय की.’

हे खरं होतं. त्या वर्षी सूत देणाऱ्या व्यापाऱ्यानं मजुरी तीच ठेवून लुगड्यातलं सूत कमी केलं होतं. गल्लीत एकेक माग बंद पडत होता. पलीकडच्या पेठेत यंत्रमागांच्या शेड उभ्या राहिल्या होत्या. तिथं चार दिवसांचं काम एका दिवसात व्हायचं आणि आवाज आमच्या घरापर्यंत यायचा, अखंड, मधे दम न घेणारा. व्यापाऱ्यानं सांगून टाकलं होतं की उन्हाळ्यानंतर हातमागाला सूत देणार नाही. नोटांच्या ओळीत एक जागा रिकामी होती, दहा हजारांची. हलीमाच्या म्हणण्याप्रमाणं रेशमावरची ती शेवटची, त्यानंतर कागद. नायना एकदा त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, ती बघायला पाहिजे होती. त्यानं शेवटचं कसं विणलं ते बघायला पाहिजे होतं.

आज माझी मुलगी फोनवर अशा नोटांची चित्रं काढून दाखवते. जगभर लोक त्या जमवतात, विकतात, प्लास्टिकच्या पाकिटात ठेवतात, खालच्या मजकुरात कोपरा फाटलेला, डाग असलेला असं सगळं लिहिलेलं असतं. धागे किती ते कुणीही लिहीत नाही. आमच्या सात नोटा कुठं गेल्या ते मला माहीत नाही. ते घर सोडलं तेव्हा पेटीत नव्हत्या, आणि मी अक्काला विचारलं नाही.

अक्कानं हलीमाला दहा हजारांच्या नोटेबद्दल विचारलं. उत्तर आलं, ते मी दुपारी चुलीशी बसून मोठ्यानं मराठी-तेलुगूत सांगत वाचलं. हलीमाची आई नवरी होती तेव्हा तिला आहेरात ह्याच नोटा आल्या होत्या. लग्नाचे दिवस सरले तोवर त्यांचं काही येईनासं झालं. तिच्या सासूनं म्हटलं, पैसा नसला तरी कापड तर आहे, आणि नोटा जोडून त्यांची गोधडी शिवली. ती गोधडी अजून घरात आहे, आई हिवाळ्यात तीच पांघरते. तिच्यात दहा हजारांच्या तीन नोटा आहेत. पण बाजारात किंवा दुसऱ्या कुणाकडं ती नोट मिळत नाही, क्षमा करा. अक्कानं पत्र दोनदा वाचायला लावलं. मग तिनं उत्तर सांगितलं. त्या गोधडीला हात लावू नका. मला फक्त एवढं कळवा की त्या नोटेतून उजेड दिसतो का, आणि तुमच्या आईला नमस्कार.

मी तसं लिहिलं नाही.

नायनांचं तोंड त्या दिवसांत मला बघवत नव्हतं. ते सूत संपेपर्यंत विणत होते आणि त्यांना माहीत होतं किती उरलंय. मला वाटलं, ती एक नोट आली तर. तर काय होईल ते मला सांगता आलं नसतं. व्यापारी सूत देणार नव्हता, माग चालणार नव्हता, हे मलाही कळत होतं. तरी मी लिहिलं की माझे वडील फार आजारी आहेत, डॉक्टरांनी आशा सोडली आहे, आणि मरण्यापूर्वी ती नोट एकदा बघायची त्यांची इच्छा आहे. त्या आठवड्यात शाळेत आम्हाला रजेचा अर्ज शिकवला होता. त्यातले शब्द मी वापरले. खाली नेहमीसारखी अक्काची सही केली. अक्कानं नेहमीसारखं पाकीट चिकटवलं आणि स्वतः जाऊन टाकलं.

संक्रांतीच्या आधी पाकीट आलं. घरात सकिनालूंचं, म्हणजे संक्रांतीच्या तांदळाच्या चकल्यांचं, पीठ मळलेलं होतं, अम्मा कापडावर बोटानं वेटोळी घालत होती. पाकिटात नोट होती. कडेला सुईची भोकं होती, एका कोपऱ्यात पिवळ्या दोऱ्याचं टोक अडकलेलं होतं. हलीमाचं पत्र मी आधी मनात वाचलं. तिनं लिहिलं होतं, आईनं स्वतः कात्री लावली, मला लावू दिली नाही. ती म्हणाली, आपण हे कापड म्हणून ठेवलं, मग ज्याला कापड कळतं त्याला शेवटचं बघू दे. आईनं त्यांच्यासाठी जुन्या लिपीत दुवा लिहिला आहे, कित्येक वर्षांत तिनं ती लिपी लिहिली नव्हती. मी मोठ्यानं एवढंच वाचलं की नोट मिळाली, पाठवत आहे. अक्कानं ती भोकं बघितली. ‘गोधडीची हाय ही,’ ती म्हणाली. मी म्हणाले, त्यांनी आपणहून काढली असेल. पाकिटातून घडी केलेला एक कागद पडला, त्यावर उर्दूसारख्या चार ओळी. हे काय, असं तिनं विचारलं. मला माहीत नाही म्हणाले. नायनांनी तो कागद खिशात ठेवला. सूत रंगवायला नेताना हुसेनचाचांकडून वाचून आणतो म्हणाले. नोट मात्र सणाच्या दिवशी निवांत बघू, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नायना एकटे परत आले नाहीत, हुसेनचाचाही त्यांच्याबरोबर आले. हात कोपरापर्यंत निळे, कागदाला डाग लागू नये म्हणून तो दोन बोटांच्या टोकांत धरलेला. ते आत येईनात. दारातूनच त्यांनी अम्माकडं, अक्काकडं, माझ्याकडं एकेक करून बघितलं.

‘भाभी, घर में कौन बीमार है? ये तो बीमार के वास्ते दुवा है. अरबी है, मेरेकू बराबर समजती. और नीचे इसका नाव लिख्या है.’

त्यांनी बोट ठेवलं आणि अक्षर अक्षर लावून वाचलं. न, र, स, य. नायनांचं नाव नरसय्या, ते मी पत्रात लिहिलं होतं. त्या बाईनं ते नाव ऐकलं असेल तसं तिच्या लिपीत बसवलं होतं. नायना हसत होते, काहीतरी घोटाळा झालाय असं त्यांना वाटत होतं. अक्का हसत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती. मी पीठ लागलेले हात परकराला पुसत राहिले आणि मग सगळं सांगितलं.

कुणी मला मारलं नाही. हुसेनचाचांनी कागद चौकटीवर ठेवला आणि निघून गेले. नायनांनी विचारलं, मरायला टेकलोय असं लिहिलंस? मी व्हय म्हणाले. मी आत जाऊन नोट आणली, भिंग आणलं, त्यांच्यापुढं ठेवलं. तेवढं एक मला करता येण्यासारखं होतं. त्यांनी भिंग मिटलं.

‘हे मरणाऱ्या माणसाला पाठवलंय. मी बघू शकत न्हाय.’

मग अक्का बोलली. आवाज चढवून नाही. ‘पत्राखाली सही कुणाची हाय?’

‘तुझी.’

‘मंजे खोटं मी बोलले.’

त्या दिवशी तिनं मला पुन्हा पत्र लिहायला बसवलं. मागच्या पत्रातलं आजारपण माझ्या बहिणीनं न विचारता लिहिलं, माझे वडील बरे आहेत, नोट परत पाठवते आहे, तुमच्या आईची क्षमा मागते. मी एकेक शब्द लिहिला की ती मला तो वाचायला लावायची आणि अर्थ सांगायला लावायची. मग म्हणायची, आता पुन्हा वाच. एवढं करूनही तिचा विश्वास बसला नाही. पत्र आणि नोट घेऊन ती युनियनच्या मामांकडं गेली आणि कारखान्यातल्या कारकुनाकडून वाचून घेतलं. रजिस्टर केलं. पोचपावतीचं कार्ड लावलं होतं, ते परत आलं नाही. आम्ही चैत्रापर्यंत वाट बघितली. कारकुनाकडून दुसरं पत्र लिहून घेतलं, तिसरं लिहून घेतलं. खिव्याहून काहीही आलं नाही. त्या रागावल्या, की रजिस्टर वाटेत कुणी उघडलं, की नोटा पाठवते म्हणून हलीमाला तिथल्या सरकारी माणसांनी काही विचारलं, की म्हातारी गेली, ह्यातलं काहीही झालं असेल. मी आजही ह्यातलं कुठलंही एक धरून बसू शकत नाही. एखाद्या वर्षी वाटतं पत्र पोचलंच नाही, आणि मग वाटतं, पोचलं नसेल तर आम्ही त्यांच्यासाठी अजून तेच आहोत, मेलेल्या माणसाचं घर. मी कधीतरी त्या गावाला जाऊन शोधावं असं मुलगी म्हणते. कुणाला शोधायचं? म्हातारी तेव्हाच सत्तरीची होती.

उन्हाळ्यात सूत संपलं. मागाची लाकडं जळणाला गेली, फणी एका वखारवाल्यानं नेली. खड्ड्यात दोन गाड्या माती टाकून अम्मानं वर शेणानं सारवलं. घर एकदम मोठं झालं आणि आम्ही तिघी जुन्याच जागी बसत राहिलो, मोकळ्या भागात कुणी पाय ठेवत नव्हतं. नायना यंत्रमागाच्या शेडमध्ये लागले. विणकर म्हणून नाही. तुटलेले धागे जोडायचे आणि शेड झाडायची. घरी यायचे तेव्हा भुवयांवर, कानांत कापसाची पूड असायची आणि त्यांच्याशी मोठ्यानं बोलावं लागायचं. दुपारची बैठक मोडली ती मोडलीच. ते अक्काशी बोलायचे, अगदी थेट बोलायचे, पण मीठ दे, दार लावून घे, एवढंच. त्याआधीच्या न बोलण्यात निदान काहीतरी होतं. खोकला वाढला. सरकारी दवाखान्यात पिवळ्या गोळ्या मिळायच्या, त्या ते शेडमध्ये विसरून यायचे.

अक्कानं माझ्याकडून नंतर एक ओळसुद्धा लिहून घेतली नाही. त्याऐवजी तिनं माझं पाचवीचं इंग्रजीचं पुस्तक काढलं. विड्या वळताना ते पुस्तक समोर पाटाला टेकवून ठेवायची, आणि पान उलटायचं झालं तर तंबाखूचा हात नको म्हणून अम्माच्या कोपरानं उलटून घ्यायची. मी मदतीला गेले तर पुस्तक मिटायची. तिच्या वेळी सातवीपर्यंत इंग्रजी नव्हतं, त्यामुळे चोवीस-पंचवीस वर्षांची असताना ती एबीसीडीपासून शिकत होती आणि मी बघत होते. मला आठवीत जमलं तेवढं तिला वर्षभरात जमलं, आणि तिला विचारायला कुणी नव्हतं. तिनं लिहिलेल्या पाट्या मी चोरून बघायची. तिचं अक्षर माझ्याहून चांगलं होतं. पुढं मी शिक्षिका झाले ती तिच्या विड्यांवर, डी.एड.ची फी तिनं भरली, आणि त्या सगळ्या वर्षांत तिनं मला कधी टोचून बोललं नाही. ती माझ्यावर रागावलेली असती तर मला बरं वाटलं असतं.

माग गेला त्याच्या पुढच्या वर्षी ज्येष्ठात एके दिवशी ती पोस्टात जाऊन आली. पाकीट स्वतः लिहिलं होतं, पत्ता स्वतः लिहिला होता. परत येऊन तिनं हात धुतले आणि सूप मांडीवर घेतलं. मी अकरावीची पुस्तकं घेऊन बसले होते. मी विचारलं, काय लिहिलंस. मला वाटलं सांगणार नाही. पण तिनं सांगितलं, मान वर न करता, आधी इंग्रजीत आणि मग आपल्या भाषेत. माझं नाव रत्ना. हे पत्र मी स्वतः लिहिते. माझे वडील बरे आहेत.

एवढंच लिहिलं होतं. नायना तेव्हा कामाला जात होते. पावसाळा लागला तसे ते शेडमध्ये एकदा खाली बसले ते उठेनात. दोघांनी धरून घरी आणलं. खड्डा होता तिथं सारवलेल्या जमिनीवर आम्ही अंथरूण घातलं. नायना अकरा दिवस जगले. डॉक्टर एकदा येऊन गेले आणि त्यांनी अम्माला बाजूला घेतलं. शेवटच्या दोन दिवसांत नायनांना आमची ओळख राहिली नव्हती. पलीकडच्या पेठेतला यंत्रमागांचा आवाज तेव्हा रात्रंदिवस घरात येत होता आणि त्यांची बोटं पांघरुणावर हलायची. अक्का ती धरून ठेवायची.

खिव्याला पत्र पोचायला महिना लागायचा, म्हणजे वडील बरे आहेत हे तिथं वाचलं जाईपर्यंत नायना गेलेले होते. मी दिवस मोजले होते, तिनंही मोजले असणार. तेरावा झाल्यावर अम्मा झोपली होती आणि आम्ही दोघी विड्या बांधत होतो. मी विचारलं, अक्का, त्यांना कळवायचं का. तिनं दोरा तोडला, विड्यांचा जुडगा सुपात टाकला.

‘काय कळवायचं?’ ती म्हणाली. ‘त्या माउलीनं नायनांसाठी एकदा दुवा मागितलाय. आता पुन्ना कुठल्या तोंडानं मागू?’